कुलपांची जागा

आमच्या लातूरच्या क्लासचा सर्व्हर अडला की नांदेडहून डेटाबेस दुरुस्त करणारा तो माणूस येतो. आल्यावर आधी पडद्यावरची एरर दोनदा मोठ्याने वाचतो आणि मान डोलवून "हाव" म्हणतो, जणू समोरून कुणी गाऱ्हाणं सांगितलं. चहा दिला की बशी झाकून बाजूला सारतो.

त्या दिवशी वर्षभराचा एकत्र निकाल निघेना. सामायिक मेमरी संपली, एवढंच पडद्यावर येत होतं. निलंगा, भोकरहून आलेले पालक बाहेर बसले होते. या निकालावरच मुलांच्या तुकड्या ठरणार होत्या.

"नवी रॅम टाका," क्लासचे मालक, आमचे सर, म्हणाले.

"रॅम लई हाय, सर. तुम्ही दर चाचणीला नवा तक्ता करून राहिले. एकत्र निकाल काढताना मधेच कुणी तक्ता मोडू नये म्हणून त्या सगळ्या तक्त्यांना एकदम कुलूप लागतंय. तेवढ्या कुलपांची नोंद ठेवायला डेटाबेसात जागा न्हाई."

त्याने ती जागा वाढवली, डेटाबेस बंद करून चालू केला. निकाल निघाला.

"झालं ना? निघा आता," सर म्हणाले.

"न्हाई झालं. तक्ते वाढले की पुन्हा अडंल. सगळ्या चाचण्या एकाच तक्त्यात आणतो. चार दिस लागतील, तवर सर्व्हर बंद."

"अहो, सोमवारी चाचणी आहे!"

"मंग घेऊ नका," म्हणत तो पुन्हा खुर्चीत बसला.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. ऑफिस मी सांभाळते. हा माणूस मला कधी गोड वाटला नाही, पण अर्धं काम टाकून तो कधी गेलेला नाही. मी उठले आणि फळ्यावरची सोमवारची चाचणी पुसून टाकली.