पाण्याच्या आठ खेपा

भरलेली बादली दुसऱ्या मजल्यावर आमच्या दारासमोर टेकवायची, पदराने मान पुसायची आणि उघड्या दारातून मला विचारायचं, "ओ भाऊजी, हे धरायचं ना?" चौथ्या मजल्यावरच्या वहिनींची आठवण निघाली की मला आधी हा प्रश्न ऐकू येतो.

विरारला आगाशीच्या रस्त्यावरची आमची चार मजली इमारत तुम्ही पाहिली नसेल, पण तसल्या इमारती तुम्हाला ठाऊक असतील. लिफ्टची जागा आहे, लिफ्ट नाही. गच्चीवर टाकी आहे, तिच्यात पाणी नाही. दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. दिवसाआड टँकर यायचा, पाणी तळातल्या टाकीत पडायचं, आणि तिथून ज्याने त्याने आपापलं वर न्यायचं. ज्याने त्याने म्हणजे बायकांनी. वहिनींच्या आठ खेपा व्हायच्या.

वहिनी लालबागहून आमच्या इमारतीत राहायला आलेल्या. अंगाने भरलेल्या, बोलायला मोकळ्या. त्यांच्या यजमानांना आम्ही दादा म्हणायचो. दादांच्या दोन्ही किडन्या गेल्या आणि तपासण्यांत वहिनींची जुळली. डॉक्टर म्हणाले, आधी नऊ किलो वजन उतरवा, मग तुमची किडनी घेऊ. तोवर आठवड्यातून दोनदा दादांचं डायलिसिस. वहिनींच्या हातात रुग्णालयातल्या आहारवाल्या बाईंनी एक कागद दिला. दिवसाला बाराशे कॅलरी. आणि खाली एक ओळ : व्यायाम केल्यास वेगळा लिहावा.

या ओळीने घात केला. म्हणजे ओळीने नाही, मी केला.

मी वालीवला एका कारखान्यात स्टोअरकीपर होतो. माझ्या नोंदीत कधी एक वॉशर इकडचा तिकडे झाला नाही, असं मी स्वतःच सगळ्यांना सांगत असे. त्यामुळे वहिनी वही घेऊन माझ्याकडेच आल्या. चपाती एवढी, वाटीभर भात एवढा, तळलेला बोंबील नकोच. मी रकाने आखून दिले. माझं स्वतःचं पोट टेबलाच्या कडेला टेकलेलं होतं. त्याबद्दल वहिनी काही बोलल्या नाहीत, हा त्यांचा चांगुलपणा.

त्या घरात तेव्हा दोघांचंही मापात चाललं होतं. आठ बादल्या पाणी वर यायचं, पण दादांना दिवसभरात प्यायला एकच बाटली. वहिनींना बाराशे कॅलरी. दादा एकदा जिन्यात मला म्हणाले, "तिला भूक सोसत नाही हो. माझ्यापायी उपाशी राहते." मला गलबलून आलं. त्याच आठवड्यात वहिनींनी बादली टेकवून तो प्रश्न विचारला, हे व्यायामात धरायचं ना.

मी वर्तमानपत्राच्या पुरवणीतला एक तक्ता जपून ठेवला होता. त्यावरून जिने चढण्याचा आकडा काढला, बादलीचं वजन अंदाजाने मिळवलं. एका खेपेला पंचवीस. आठ खेपांचे दोनशे.

"दोनशे!" वहिनींचे डोळे लकाकले. "मग दोन सुकेळी खाऊ?"

आगाशीच्या बाजारातली सुकेळी, म्हणजे सालं काढून उन्हात वाळवलेली गोड केळी, हा वहिनींचा जीव होता. "खा," मी म्हणालो. "कमावल्यात तुम्ही." आणि वहीत लिहिलं : व्यायाम, पाणी, आठ खेपा, दोनशे. टँकर नसेल त्या दिवशी आम्ही चादरी धुणं धरलं. एकदा फरशी पुसणंसुद्धा धरलं. वहिनी खूश, मी खूश. एका दुखऱ्या घराला आपला काही उपयोग होतोय, असं मला वाटत होतं.

दीड महिन्याने रुग्णालयातला काटा पाऊण किलो हलला होता.

वहिनी परत आल्या त्या वर गेल्याच नाहीत. आमच्या पायरीवर बसल्या. वही मांडीवर होती. म्हणाल्या, "बाई आधी हसली. मग म्हणाली, मावशी, तुमचं रोजचं काम आम्ही त्या बाराशेत आधीच धरलेलं असतं. वेगळं काही केलंत तरच लिहायचं." त्यांनी वही मिटली. "म्हणजे पाणी धरलेलंच आहे, भाऊजी. धुणं पण. चार मजले पण. सगळं धरलेलंच आहे."

त्या हसल्या. इतकं दमलेलं हसू मी त्याआधी पाहिलं नव्हतं. माझ्या शहाणपणापायी दादा आणखी बारा वेळा त्या यंत्राला लागले होते. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाल्या, "जाऊ द्या हो. सुकेळी तर मीच खाल्ली."

दुसऱ्या दिवसापासून सुकेळी बंद. वहिनी दादांचे कॅनव्हासचे बूट घालून, साडी वर खोचून सकाळी आगाशीच्या बाजारापर्यंत चालत जायच्या आणि चालत यायच्या. वाटेत कुणी विचारलं, कुठल्या देवाला नवस केलाय, तर म्हणायच्या, "बारीक व्हायचा नवस आहे. देव ऐकत नाही, म्हणून चालतेय." तेवढंच चालणं वहीत जायचं. टँकर आला की त्यानंतर आठ खेपा होत्याच. आता त्या मला काही विचारत नसत. माझ्या दाराशी बादली टेकवायच्या, "धरलेलंच आहे," असं स्वतःशीच म्हणायच्या, आणि उचलून वर जायच्या. गालांची हाडं वर आली. वजन उतरत होतं, वहिनीही उतरत होत्या.

पाच महिने लागले. नऊ किलो गेले. शस्त्रक्रिया झाली आणि दोघंही घरी आली. वहिनींना तीन महिने जड उचलायची बंदी होती. इमारतीतल्या बायकांनी त्यांच्या खेपा वाटून घेतल्या. दादांच्या तोंडावर तेज आलं, ते कामावर जायला लागले. आम्ही सगळ्यांनी देवाचे आभार मानले.

चौथ्या महिन्यात एके दिवशी मी वालीवहून येऊन दारात चप्पल काढत होतो, तेव्हा मागे ओळखीचा आवाज झाला. बादली टेकवल्याचा. वहिनींचा एक हात कुशीवर होता.

"वहिनी, तुम्ही? दादा कुठायत?"

"आलेत ना आत्ताच. दमलेत." माझं तोंड बघून त्यांनाच माझी दया आली असावी. "असं काय बघता भाऊजी? हे धरलेलंच आहे."

त्यांनी बादली उचलली. जिना अरुंद. त्यांना जाता यावं म्हणून मी बाजूला सरकलो.

दोन वर्षांनी ते नायगावला राहायला गेले. तिथे लिफ्ट होती, नळाला पाणी होतं. जाताना वहिनी सुकेळ्यांची पुडी देऊन गेल्या. म्हणाल्या, "खा. लिहू नका." त्यानंतर आमची भेट नाही.

आमच्या दारासमोरच्या लादीवर त्यांच्या लोखंडी बादलीचं गोल तांबूस कडं तेवढं राहिलं. मध्यंतरी आमची ही ते घासायला बसली. मी म्हणालो, राहू दे ते. तिने ऐकलं नाही. आता पाणी पंपाने वर चढतं, पण त्या दिवशी पंप बिघडलेला होता, म्हणून मी विचारलं, "पाणी कुठून आणलंस?"

"खालून. दुसरं कुठून आणणार?"

वहिनींच्या खेपा मी महिनोन्महिने मोजल्या, त्यांचे आकडे मांडले, त्यांच्यासाठी हळहळलो. बादली एकदाही उचलली नाही. घरातली बादलीही नाही. मी हिच्याजवळची रिकामी बादली घेतली आणि खाली निघालो. वहिनींनी हे बघायला हवं होतं, असं पहिल्या मजल्यावर मनात आलं, आणि माझी मलाच लाज वाटली.