न्हाणीघराची मागची खिडकी

तामायोच्या घरी आंघोळीला दोन माणसं लागायची. एक आत, लोखंडी काहिलीत गळ्यापर्यंत बुडून बसलेलं, आणि एक बाहेर, भिंतीपलीकडे चुलाणापाशी उकिडवं बसून लाकडं सारणारं. मधे हातभर रुंदीची खिडकी. बाहेरच्यानं विचारायचं, पाणी कसंय. आतल्यानं सांगायचं. अंग आधीच साबणानं धुऊन उतरायचं असल्यामुळे काहिलीतलं एकच पाणी सगळ्या घराला पुरायचं, आणि सून म्हणून आल्यापासून तामायोचा नंबर कायम शेवटचा. सासरा, नवरा, दीर, मग मुलगा, आणि मग ती. तिच्या वाट्याला पाणी कोमट यायचं, पण तिचा नवरा सेइची, जो दिवसभरात चार शब्द बोलला तरी खूप, तो त्या वेळी मुकाट्यानं बाहेर जाऊन बसायचा आणि खिडकीतून विचारायचा, "पाणी कसंय?" त्याच्या प्रेमाचा पुरावा मागितला असता तर तामायोनं हाच दिला असता. दुसरा तिच्याजवळ नव्हताही.

सेइचीला जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगा तेत्सुया हिरोशिमात. शिमानेच्या डोंगरातली ती अकरा उंबऱ्यांची वाडी, त्यातल्या चार घरांत आता दिवा लागतो.

एकट्या बाईनं असल्या न्हाणीघराचं काय करावं? बाहेर जाळ करायचा, पळत आत यायचं, कपडे काढून बसेपर्यंत जाळ विझायचा. पुन्हा टॉवेल गुंडाळून बाहेर. पहिल्या हिवाळ्यात तिनं हे महिनाभर केलं आणि छाती भरून आजारी पडली. तेव्हा वरच्या अंगाचा गेंझो एका संध्याकाळी पाठीवर लाकडांची मोळी घेऊन चार वाजता मागच्या दाराशी येऊन उभा राहिला. तो आयुष्यभर जंगलखात्याकडे झाडं तोडायच्या कामावर होता. त्याची बायको सेइचीच्या आधी दोन वर्षं गेली होती, आणि त्याच्या घरची काहील तडकली ती त्यानं दुरुस्त केली नव्हती. तो म्हणाला, लाकडं माझी, चूल तुमची, दोघांचंही भागेल.

तेव्हापासून एक दिवसाआड चार वाजता गेंझो यायचा. आधी कोणी न्हायचं यावर दर वेळी वाद. पाहुण्यानं आधी, असं तामायो म्हणायची. पाहुणा कोण, मी तर जाळ घालणारा, असं तो म्हणायचा आणि चुलाणापाशी बसकण मारायचा. मग ती न्हाऊन बाहेर यायची, गमबूट चढवायची आणि त्याच्यासाठी लाकडं सारायची. "पाणी कसंय?" असं तिनं विचारलं की गेंझोचं उत्तर ठरलेलं: "एक लाकूड घाला अजून." पाणी कढत असो, आतून वाफेचे लोट येत असोत, उत्तर तेच. कातडी सोलून निघेल एक दिवस, असं ती बाहेरून सुनवायची. सोलली तर तुम्हाला चपला करून देईन, असं तो आतून म्हणायचा. मग चहा, मुळ्याचं लोणचं, कधी उकडलेली अळकुडी, आणि सात वाजायच्या आत बॅटरी घेऊन तो वर निघायचा. बोलणं फार व्हायचं नाही. कुणाच्या छपराची कौलं उडाली, रानडुकरांनी कुणाचे रताळ्याचे वाफे उकरले, एवढंच. पण त्या एवढ्यावर तामायोचा दुसरा दिवसही निघायचा.

हे असं आठ वर्षं चाललं. मग ते मोडलं, आणि मोडलं ते तिच्याच हातून, तेही चांगल्या हेतूनं. चांगल्या हेतूनं केलेल्या गोष्टींचं हेच वाईट असतं, नंतर स्वतःवर नीट चिडताही येत नाही.

झालं असं की गेल्या मार्गशीर्षात, पहिल्या बर्फात, गेंझो मोळीसकट उतारावर घसरला. लागलं फार नाही. पण मोळी उचलताना त्याचे हात थरथरत होते आणि तो ते लपवत होता, हे तिनं पाहिलं. ब्याऐंशी वर्षांचा माणूस. तिच्या मनात आलं, बिचारा निव्वळ शब्दाला जागून येतोय. एकदा येतो म्हणाला, आता नाही कसं म्हणणार? आपण किती दिवस राबवून घ्यायचं त्याला?

तेत्सुया तर वर्षानुवर्षं कानीकपाळी ओरडत होताच. धूर, आग, थंडीतून कढत पाण्यात जाऊन चक्कर, वर्तमानपत्रातल्या बातम्या. हवेतली ऊब ओढून पाणी तापवणारं यंत्र आलंय, जुन्या विजेच्या बंबाच्या तिसऱ्या हिश्शात भागतं, सरकार अनुदान देतं, तू फक्त हो म्हण. इतकी वर्षं ती नाही म्हणत आली होती. त्या आठवड्यात तिनं हो म्हटलं. मुलाला वाटलं आई शहाणी झाली.

दोन माणसं आली आणि तीन दिवसांत काम उरकून गेली. लोखंडी काहील काढून पांढराशुभ्र टब बसवला. मागे सरपणाच्या जागी माणूसभर उंचीची टाकी, शेजारी पंख्याचा डबा. चुलाण फोडू का, असं त्यांनी विचारलं. राहू दे, ती म्हणाली. खिडकी बुजवू का? तीही राहू दे. त्यांनी मग स्वयंपाकघरात एक आणि न्हाणीघरात एक अशा दोन पाट्या लावल्या, बटणं समजावली. इथं दाबलं की आंघोळीचं पाणी, इथं दाबलं की आतून स्वयंपाकघरात घंटी, म्हणजे काही लागलं तर घरच्यांना बोलावता येतं. आणि हे यंत्र हुशार आहे आजी, घरात किती जणांचं पाणी लागतं ते आपोआप शिकतं, उगाच जास्त तापवत नाही.

तामायोनं गेंझोला स्वतः जाऊन सांगितलं. वाकून, नीट शब्द जुळवून सांगितलं, की इतकी वर्षं तुम्हाला फार त्रास दिला, आता लाकडं ओढायला नकोत, नुसतं न्हायला या. गेंझोही वाकला. म्हणाला, "चांगलं झालं. मोठं ओझं उतरलं." दोघांनीही एकमेकांचं तोंडदेखलं बोलणं खरं मानलं. आमच्याकडे हे असंच होतं. रीतीला धरून बोलता बोलता माणसं एकमेकांना दारं लावून घेतात, आणि आवाजसुद्धा होत नाही.

पहिल्या दिवशी तो आला. पुढच्या दारानं आला. धुतलेलं जाकीट, आणि हातात तांदळाच्या खुसखुशीत चकत्यांचा, दुकानच्या कागदात बांधलेला खोका. मोळी आणणारा माणूस खोका घेऊन आला तेव्हाच तिला कळायला हवं होतं. कळलं नाही. ती उलट म्हणाली, हे कशाला आणलंत. तो दहा मिनिटांत न्हाऊन आला, पाण्याचं कौतुक केलं, अर्धा कप चहा घेतला आणि गेला. तिनं लोणचं कापून ठेवलं होतं, ते तसंच राहिलं.

त्यानंतर तो आला नाही. एक दिवसाआड चार वाजता तिचे कान मागच्या दाराकडे जायचे. वाटेत भेटला की ती आग्रह करायची. त्याची कारणं असायची. गुडघा दुखतो. गुरुवारी नगरपालिकेच्या बसनं गरम झऱ्यावर जातो, तिथं चार लोक भेटतात. ते खोटं होतं, हे बसच्या ड्रायव्हरकडूनच तिला कळलं. मग हा माणूस न्हातो कुठं, केटलीतल्या पाण्यानं अंग पुसतो का, हा विचार तिला रोज टबात बसल्यावर यायचा आणि पाणी गोड लागायचं नाही.

पाणी मात्र उत्तम होतं, खोटं कशाला बोला. हवं तेवढं गरम, हवं तेव्हा. साडेचार वाजता पाटीतून एका बाईचा गोड आवाज यायचा, "आंघोळीचं पाणी तयार आहे." पहिले काही दिवस तामायो सवयीनं म्हणायची, हो, आलेच. नंतर तिनं उत्तर देणं सोडलं. पाटीवर टाकीचं चित्र होतं. सुरुवातीला ते वरपर्यंत भरलेलं असायचं, माघाअखेर अर्ध्यावर आलं. तिला वाटलं बिघडलं. तेत्सुयाला फोन केला, तर तो हसून म्हणाला, बिघडलं नाही आई, त्याला आता कळलंय की तिथं एकच माणूस न्हातं. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ त्या चित्राकडे बघत बसली. यंत्राला दोन महिन्यांत कळलं ते तिनं नऊ वर्षं स्वतःला कळू दिलं नव्हतं.

एका संध्याकाळी टबाच्या कडेला हात टेकताना तिच्या कोपरानं ते घंटीचं बटण दाबलं गेलं. स्वयंपाकघरात घंटी वाजली. छान मंजूळ घंटी, पुन्हा पुन्हा. तामायो गळ्यापर्यंत पाण्यात बसून ती ऐकत राहिली. कोण येणार होतं? घंटी आपली आपण थांबली. तिला रडू आलं. अंगावर कपडा नसताना, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी आपण एका घंटीसाठी रडतोय, याचं तिला हसूही आलं, पण रडू जास्त आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती डबाभर अळकुड्या घेऊन वर गेली. आज मान-बिन बाजूला ठेवून सरळ सांगायचं, असं ठरवून गेली: मला एकटीला न्हायची भीती वाटते, तुम्ही नुसते येऊन स्वयंपाकघरात बसा.

गेंझोच्या ओसरीवर खोकी बांधून ठेवलेली होती. मागच्या पडवीत छपरापर्यंत लाकडं रचलेली, ओकची, नीट फोडून वाळवलेली. ती लाकडं आखूड होती. गेंझोच्या शेगडीला लांब लाकूड लागतं. ही मापं तिच्या चुलाणाची होती. दोन हिवाळे पुरतील एवढी.

"शनिवारी निघतोय," गेंझो म्हणाला. "मुलीकडे. ओकायामाला."

तिनं ओसरीवरच्या खोक्यांकडे पुन्हा पाहिलं.

"तीन वर्षं बोलावतेय ती. मी आपलं सांगायचो, इथं एका घरी पाणी तापवायचं असतं, मला यायला जमणार नाही. आता काय सांगू?"

"मला वाटलं तुम्ही दमलात," तामायो म्हणाली.

"दमलो होतोच. म्हणून काय झालं?"

जे सांगायला ती आली होती ते तिच्या तोंडून निघालं नाही. मुलीनं खोली रिकामी केलेली, जावई गाडी घेऊन येणार, अशा वेळी माझ्या टबापाशी बसा म्हणून सांगायचं? तिनं डबा ओसरीवर ठेवला. एवढंच म्हणाली, "उद्या तरी न्हायला या."

"येतो."

दुसऱ्या दिवशी चार वाजता मागच्या दाराशी खाकरल्याचा आवाज आला. गेंझो उभा होता, गळ्यात टॉवेल, जुनंच जाकीट, आणि पाठीवर मोळी. लहानशी, आठ-दहा लाकडांची. तामायोनं ती उतरवून घेतली आणि थंड पडलेल्या चुलाणाच्या तोंडाशी नीट रचली. या वेळी आधी कोणी न्हायचं यावर वाद झाला नाही. जाळ घालायचा नव्हता, तेव्हा गेंझोकडे सबब नव्हती. तो आत गेला.

ती स्वयंपाकघरात मुळ्याचं लोणचं कापायला बसली. आतून पाणी ओतल्याचा आवाज आला, मग टबात उतरल्याचा, मग काहीच नाही. तेवढ्यात भिंतीवरची घंटी वाजली. चुकून की मुद्दाम, ते तिनं पुढे कधी विचारलं नाही, आणि विचारायला तो नव्हताही. पाटीवरचं बटण दाबून तिथूनच बोलता आलं असतं, टब बसवणाऱ्या त्या दोघांनी तसं दाखवलं होतं. तामायोनं सुरी ठेवली, गमबूट चढवले आणि घराला वळसा घालून मागे गेली. चुलाणासमोर जुन्या जागी उकिडवी बसली. खिडकीतून थोडी वाफ येत होती.

"पाणी कसंय?" तिनं विचारलं.

आत पाणी हलल्याचा आवाज आला.

"एक लाकूड घाला अजून."

तिनं मोळीतलं एक लाकूड काढलं आणि राखही नसलेल्या चुलाणात आतपर्यंत सारलं.

"घातलं," ती म्हणाली, आणि तो बाहेर येईपर्यंत तिथंच बसून राहिली.