स्टुलाच्या पायावरची तारीख

मंडईत मेथीची जुडी हातात घेऊन, पाणी मारून ती जड केली आहे की मुळातच जड आहे, यावरून भाजीवालीशी माझा वाद चालला होता, तेव्हा फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. "काकू, मी सुजाता बोलतेय. सुजाता रामटेके. बाबा गेले... आज सकाळी. चहा पीत बसले होते, काहीच त्रास नव्हता." मी म्हणाले, "बरं." एवढंच. बातमी चांगली असो वा वाईट, आम्हा सदाशिव पेठेतल्या माणसांच्या तोंडून आधी "बरं"च बाहेर पडतं; पण त्या दिवशीचं ते "बरं" मला आता दोन महिने झाले तरी टोचतं आहे. भाजीवालीने विचारलं, "काय झालं ताई?" मी मेथी खाली ठेवली आणि पिशवी रिकामीच घेऊन घरी आले. देविदास रामटेके आणि मी तीन वर्षं एकमेकांशी बोललो नव्हतो. चूक माझी होती. त्या चुकीची माफी मागायची राहून गेली, म्हणून हे लिहिते आहे.

आमची ओळख गाडीतली. मी दौंडच्या एका बँकेत होते, ते दौंडलाच रेल्वेत डब्यांच्या दुरुस्तीचे फिटर. मूळचे भंडाऱ्याकडचे, पुण्यात वारज्याला राहायचे. सकाळची शटल आम्हा दोघांनाही ठरलेली. शटल म्हणजे जिच्यात चढणं हा पराक्रम आणि उतरणं हा चमत्कार, अशी गाडी. बदली होऊन मी पहिल्यांदा तिच्यात चढले, तेव्हा दाराजवळ एका पायावर उभी होते, कारण दुसरा टेकायला जागाच नव्हती. तेवढ्यात गर्दीतून आवाज आला, "मालक, जरा सरका. ह्या मालकांना बसू द्या." आणि माझ्या पुढ्यात एक घडीचं, कॅनव्हासचं, वीतभर स्टूल उघडलं गेलं. एक गृहस्थ तिरसटपणे म्हणाले, "अहो, इथे माणसांना जागा नाही आणि स्टूल कसलं टाकताय?" त्यावर स्टूलवाले शांतपणे म्हणाले, "माणूस उभा राहून जेवढी जागा घेते तेवढीच बसून घेते, मालक. मोजून पाहा." ते रामटेके.

डब्यातल्या प्रत्येकाला ते "मालक" म्हणायचे. भाजीच्या टोपल्या घेऊन येणाऱ्या बायकांना, कॉलेजच्या मुलांना, मला, तिकीट तपासनिसालासुद्धा. नवीन माणसाला वाटायचं, हा थट्टा करतोय. एकदा मी विचारलंच, "अहो रामटेके, हे मालक मालक काय लावलंय? कसले मालक आम्ही?" तर म्हणाले, "रेल्वे कोणाची आहे बाई? सरकारची. सरकार कोणाचं? मग मालक कोण झाले? हे जे लटकून राहिले ना, हे मालक. मी इथला नोकर." मी म्हटलं, "मग मालकाला बसायला जागा का नाही?" हा प्रश्न त्यांना फार जुना होता, हे मला पुढे कळलं.

नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं, तेव्हा त्यांची आई मुलाचा संसार बघायला भंडाऱ्याहून निघाली. रिझर्वेशन वगैरे तिला ठाऊक नाही. जनरल डब्यात शिरली आणि नागपूरपासून पुण्यापर्यंत संडासाच्या दाराशी उभी राहून आली. स्टेशनवर उतरली तेव्हा पायांना सूज येऊन चपला रुतल्या होत्या. रामटेके फलाटावर खाली बसून त्या चपला काढत होते आणि आई म्हणाली, "तू गाड्या नीट करते, न् तुझ्या मायले बसाले जागा नाही काय रे?" हे सांगताना ते हसले. मला हसू आलं नाही. त्याच आठवड्यात त्यांनी ते स्टूल केलं. सागाचे चार पाय, मधे खिळा, वर कॅनव्हास. आई त्यावर बसून एकदाच परत गेली. पुन्हा पुण्याला आलीच नाही.

रेल्वेच्या प्रत्येक डब्याच्या टोकाला पांढऱ्या रंगात दोन तारखा लिहिलेल्या असतात. शेवटची मोठी दुरुस्ती कधी झाली ती एक, आणि पुन्हा कारखान्यात कधी यायचं ती दुसरी. इतकी वर्षं प्रवास करून मला त्या कधी दिसल्या नव्हत्या. रामटेक्यांनी दाखवल्या, आणि मग स्टूल उलटं करून त्याचा पाय दाखवला. त्यावरही पांढऱ्या रंगात, बारीक ब्रशने, तशाच तारखांची रांग. दर दिवाळीला जुना कॅनव्हास काढायचा, नवा घालायचा आणि पुढच्या दिवाळीची तारीख लिहायची. शिवण कुठे करता, म्हणून मी विचारलं. वारज्याचा शिंपी करतो म्हणाले, पण ती उसवते. मी म्हटलं, "माझ्याकडे सासूबाईंचं मशीन आहे. गोधड्या शिवलेलं. आणा इकडे." तेव्हापासून तो नेम झाला. बोहरी आळीतून कॅनव्हास ते आणायचे, दुहेरी शिवण मी घालायची, खिळे ते ठोकायचे आणि चहा पिताना तारीख लिहायची. एका वर्षी कॅनव्हास फारच फाटला होता. मी म्हटलं, टाकून द्या हे आणि नवीन करा. "डबा बिघडला म्हणून कोणी फेकून देते काय बाई? तारीख घालायची, परत बोलवायचा." सगळ्याच बाबतीत त्यांचं हेच म्हणणं असायचं. माणसांच्याही.

आम्ही दोघं निवृत्त झालो तरी गाडी सुटली नाही. विदर्भाकडे जाणाऱ्या गाडीचे जनरल डबे कमी होत चालले होते आणि वातानुकूलित वाढत होते. इकडे कारखान्यांत काम करणारी, खोल्या करून शिकणारी, त्या भागातली मुलं-माणसं तर वाढतच होती. दिवाळीत त्या डब्यांकडे बघवायचं नाही. रामटेक्यांना निवृत्तीनंतरही पास होता, वरच्या वर्गाने जाता आलं असतं. पण वर्षातून एकदा ते मुद्दाम जनरलने जायचे. "मालकानं आपलं घर वर्षातून एकदा तरी पाहावं." मग डबे वाढवा म्हणून निवेदनं सुरू झाली. तळमळ त्यांची, शुद्धलेखन माझं. त्यांची वाक्यं मालगाडीएवढी लांब असत, मी ती कापायची. एका वाक्याला मात्र हात लावायचा नाही, अशी ताकीद होती. प्रत्येक निवेदनाच्या शेवटी ते असायचंच: "ही रेल्वे आमची आहे, म्हणून आम्ही मागत नाही, सांगत आहोत." मी कुरकुर करायची, की हे उद्धट वाटतं. ते म्हणायचे, "खरं आहे ना? मग राहू द्या." पुढाऱ्यांना ते दिवाणजी म्हणत, तोंडावरसुद्धा. "मालकाची मालमत्ता सांभाळाले ठेवलेले दिवाणजी. मालक झोपला का दिवाणजी वाडा विकून टाकते." स्टेशनं, गाड्या खासगी कंपन्यांच्या हाती द्यायच्या गोष्टी पेपरात आल्या की त्यांचा चेहरा घरात चोरी झाल्यासारखा व्हायचा.

तीन वर्षांपूर्वी एका लोकप्रतिनिधींनी आमचं निवेदन स्वीकारायचं कबूल केलं. नाव सांगत नाही. छापलं तर ते इथेही फोटो मागतील. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्यांच्या सहायकाचा मला फोन आला. गोड बोलणारा माणूस. म्हणाला, "मॅडम, साहेब दोन डबे नक्की लावून घेतील. फक्त ते शेवटचं वाक्य जरा काढता का? साहेब स्टेजवर वाचून दाखवणार आहेत. नम्र विनंती वगैरे टाका ना." मी विचार केला... खरं सांगायचं तर फार विचार केलाच नाही. दोन डबे म्हणजे किती माणसं बसतील, एवढंच डोळ्यांपुढे आलं. वाक्य काढलं. "तरी आपण कृपा करून आमच्यावर उपकार करावेत, ही नम्र विनंती" असं घातलं. रामटेक्यांना कळवलं नाही. कळवलं असतं तर ते नाही म्हणाले असते, हे मला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी ते वाक्य दोनदा वाचलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रामटेके पहिल्या रांगेत बसले होते, त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. कार्यक्रम संपल्यावर जिन्यापाशी एवढंच म्हणाले, "बाई, तुम्ही मालकाला भिकारी केलं." मी तेव्हाच चुकले म्हटलं असतं तर हा लेख वेगळा झाला असता. पण माझी जीभ! मी म्हणाले, "रामटेके, मालकी मिरवून कोणाच्या आईला बसायला जागा मिळत नसते." शब्द बाहेर पडले आणि मला कळलं, की मी काय बोलले. रामटेके स्टूल काखेत मारून जिना उतरून गेले.

दोन डबे लागले. फोटो आले. दिवाळीची गर्दी ओसरल्यावर डबे गेले. हंगामी होते म्हणे. कृपाच ती, काढून घेतली तर जाब कोणत्या तोंडाने विचारणार? त्यांच्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा कळला. मी फोन उचलला, ठेवला. सदाशिव पेठेतून वारज्याला जायला अर्धा तास लागतो. मला तीन वर्षं पुरली नाहीत. आधी वाटलं, ते येतील. दिवाळी आली की मी मशीनला तेल घालून ठेवायची. ते आले नाहीत. मग वाटलं, राग असेल, असू दे, मी तरी का जाऊ? एकदा स्टेशनसमोर रिक्षातून जाताना ते दिसले. पिशवी घेऊन उभे होते, केस सगळे पांढरे झालेले, काखेत स्टूल नव्हतं. मी रिक्षावाल्याला थांबा म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात सिग्नल सुटला. खोटं कशाला बोलू, सिग्नल सुटला म्हणून मला हायसंच वाटलं.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी वारज्याला गेले. बुद्धमूर्तीपुढे मेणबत्त्या लावल्या होत्या, शेजारी रामटेक्यांचा फोटो होता. शटलमधली चार-पाच ओळखीची माणसं भेटली, सगळ्यांनी त्यांच्या "मालक"ची नक्कल केली. मी सुजाताला म्हटलं, "बाळा, तुझ्या बाबांना मी फार वाईट बोलले होते. माफी मागायची राहिली." तिला सगळं माहीत होतं. ती आत गेली आणि स्टूल घेऊन आली. कॅनव्हास एका बाजूने पार फाटून लोंबत होता. "काकू, हे तीन वर्षं असंच पडून होतं. मी बाबांना दोनदा म्हटलं, इथे खाली टेलर आहे, फाइव्ह मिनिट्सचं काम आहे. तर म्हणायचे, ते काम लेलेबाईंचं आहे. त्या येतील." मी विचारलं, "आणि प्रवासात?" ती म्हणाली, "उभेच जायचे."

मी स्टूल उलटं केलं. पायावर तारखांची रांग होती, सगळी त्यांच्या हातची. शेवटची तारीख आमच्या भांडणानंतरच्या पहिल्याच दिवाळीची. त्या तारखेला ते माझ्याकडे यायचे होते की मी त्यांच्याकडे जायची होते, कोण जाणे. त्यांनी रेल्वेचा नियम पाळला होता. तारीख घालून ठेवली होती आणि वाट पाहत होते. तिच्याखाली पाय कोरा होता. तिथे, सगळ्या माणसांसमोर, मी मोठ्याने रडले. असं मी आमच्या ह्यांच्या वेळीही रडले नव्हते.

घरी आल्यावर बोहरी आळीतून कॅनव्हास आणला. दुहेरी शिवण घातली, चार वेळा उसवून पुन्हा घातली, कारण नीट दिसतच नव्हतं. खिळे मीच ठोकले. अंगठ्याचं नख अजून काळं आहे. निवेदन नव्याने लिहिलं, शेवटी त्यांचं वाक्य घातलं आणि सही एकटीने केली. मग एका सकाळी स्टूल घेऊन शटलने दौंडला गेले, काही काम नसताना. दाराशी एक बाई उभी होती, कडेवर मूल. मी स्टूल उघडलं. "बसा," म्हटलं. पुढचा शब्द मला इतक्या वर्षांत एकदाही म्हणता आला नव्हता, लाज वाटायची. "बसा, मालक." ती आधी हसली, मग बसली. केडगाव येईपर्यंत तिचं मूल झोपलंसुद्धा. मी शेजारी दांडा धरून उभी होते.

आता ते स्टूल माझ्या खोलीत, मशीनच्या शेजारी असतं. कोऱ्या पायावर मी बारीक ब्रशने दोन तारखा लिहिल्या आहेत, दुरुस्ती झाल्याची एक आणि पुढची एक. अक्षर माझं चांगलं आहे, पण रांगेत ते परकंच दिसतं. पुढची तारीख येत्या दिवाळीची आहे. डॉक्टर माझ्या हृदयाबद्दल काहीबाही सांगत असतात, सांगू देत. तारीख घातलेली आहे. तोवर मला कुठेही जाता येणार नाही.