राहून गेलेलं तिसरं धुणं

कॅनडातल्या विनिपेगच्या आमच्या प्रयोगशाळेत मार्जोरी कोवालचुकने सांगितलं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. एकतीस वर्षं तिने रक्तपेशी वाढवल्या. निवृत्तीला अकरा दिवस उरले असताना तिच्या हातून चूक झाली.

रक्तपेशीला बाहेरून खुराक लागतो. तो मिळाला की पेशीतलं कायनेज नावाचं प्रथिन जागं होतं आणि जगण्याचा, वाढण्याचा हुकूम सोडतं. खुराक थांबला की पेशी मरते. रक्ताचा कर्करोग झालेल्या एका शिक्षकाच्या कायनेजमध्ये आमच्या तरुण ओडेटला बदल सापडला होता. तो बदल घातलेल्या पेशी खुराकाविना जगल्या, तर कायनेज अडवणारी गोळी त्याला लागू पडेल. नाही जगल्या, तर वेळ न दवडता भावाची अस्थिमज्जा घालायची. त्याच्या डॉक्टरांना शुक्रवारी निर्णय घ्यायचा होता.

मंगळवारी ओडेटच्या काचेच्या बशीत त्या पेशी जगलेल्या दिसल्या. ओडेटने लगेच डॉक्टरांना कळवून टाकलं आणि त्यांनी गोळी पक्की केली. मार्जोरी मात्र दुसऱ्या बशीवरून नजर काढेना. त्या बशीत बदल न घातलेल्या साध्या पेशी होत्या. त्या मरायला हव्या होत्या, पण चांगल्या ठणठणीत होत्या. काही पेशी चिवट असतात, असं ओडेट म्हणाली आणि मीही मान डोलावली. आयतं यश कोणाला नको असतं?

जुना खुराक काढायला पेशी तीनदा धुवाव्या लागतात. दुसऱ्या धुण्यानंतर मार्जोरीला मीच बाहेर बोलावलं होतं, तिच्या निरोप समारंभाला बटाटा भरलेल्या पिरोग्या किती मागवायच्या ते विचारायला. परत आल्यावर तिसरं झालंय असं समजून ती पुढे गेली. हाक माझी होती, हे मी आज पहिल्यांदाच कबूल करतो.

"माझं एक धुणं राहिलंय," ती म्हणाली.

"तुमचं? उगाच शंका काढू नका, मार्ज. शुक्रवार तोंडावर आलाय," ओडेट म्हणाली.

"येऊ दे. या बशीच्या भरवशावर मी माणूस सोडणार नाही."

तिने सगळं नव्याने मांडलं, या खेपेला तीनदा धुऊन.

गुरुवारी दुपारी तिने सूक्ष्मदर्शकाखाली साध्या पेशी पाहिल्या. त्या मेल्या होत्या. मग ओडेटची बशी ठेवली. तिचा एकेक कोपरा तिने दोनदा तपासला.

"याही मेल्यात," ती म्हणाली.

ओडेटने वही मिटली. तिची दोन वर्षं पाण्यात गेली होती. मार्जोरीने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि स्वतःच फोन लावला. गोळी चालणार नाही, चूक माझी आहे, पोरीची नाही, असं तिने डॉक्टरांना स्वच्छ सांगितलं. मग भावाला कधी बोलवू, असं त्यांनी विचारलं.

"आत्ता," मार्जोरी म्हणाली. "त्या माणसाचे दोन दिवस मी आधीच खाल्लेत."