अंबरनाथ ते साओ पाउलो: साहेब पोचायला दीड दिवस

आमच्या अंबरनाथच्या कारखान्याने ब्राझीलमधल्या साओ पाउलोला पाण्याचा मोठा पंप पाठवला आणि तो चालू करून द्यायला मी जायचं ठरलं. एकटीने. जांभूळ गावी घरी आत्याने विचारलं, किती लांब? मुंबईहून सरळ रेषेत साधारण १३,७५० किलोमीटर. थेट विमान नाही, अदिस अबाबाला बदलायचं. हवेत अठरा तास; घर ते हॉटेल दीड दिवस धरा. पाणीपुरवठ्यात पंप ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेले बाबा एवढंच म्हणाले, की अडलं तर साहेबांना बोलावून घे.

तुम्ही जाणार असाल तर पीतज्वराची लस किमान दहा दिवस आधी घ्या. परतताना मुंबईत प्रमाणपत्र मागतात. जुलैत तिकडे थंडी असते. जॅकेट मी उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये घेतलं. ब्राझील ऐकून दुकानदार म्हणाला, "दीदी, उधर से एक फुटबॉलवाला भेज देना, जॅकेट फ्री." भाव मात्र कमी केला नाही.

साओ पाउलोचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे. पहाटे उडालेली मी त्याच तारखेला संध्याकाळी उतरले. खाण्याची चिंता नको: चीजचे गरम गोल पाव कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतात, आणि आपला पाव हा शब्द मुळात त्यांच्या पोर्तुगीजमधलाच.

पंप सुरू केला तर थरथर मर्यादेच्या दुप्पट. तिथल्या इंजिनियरने इंग्रजीत शांतपणे विचारलं, "तुमचे सीनियर यायला किती वेळ लागेल?"

साहेब आले असते तर मला पुन्हा एकटीला कुणी पाठवलं नसतं.

"दीड दिवस," मी म्हणाले. "मला संध्याकाळपर्यंत द्या."

कारखान्यात हाच पंप माझ्यासमोर शांत चालला होता, म्हणजे दोष जोडणीत. पाइपचे बोल्ट सोडायला मी फिटरला खूण केली. पाना उचलून तो म्हणाला, "शावी?" आपली चावीच. बोल्ट सुटले तसा पाइप बोटभर बाजूला सरकला. तो ओढूनताणून बसवला होता आणि सगळा ताण पंपावर येत होता. आधार हलवले, पाइप सरळ बसवला, शाफ्ट पुन्हा जुळवला.

संध्याकाळी पंप चालू झाल्यावर इंजिनियरने खिशातलं नाणं त्याच्यावर कडेवर उभं केलं. ते पडलं नाही. त्याने ते मला देऊन टाकलं.

शहर मी फारसं पाहिलं नाही. एक रुंद रस्ता, एक बाजार. त्या प्रवासातलं ते नाणंच माझ्याकडे आहे. घरी आल्यावर ते हातोहात फिरलं. आत्याचं समाधान होईना. "एवढ्या लांब, परक्या माणसांत. कोणी मोठा माणूस नव्हता गो सोबत?"

बाबा नाणं ताटलीवर उभं करायला बघत होते. मान वर न करता म्हणाले, "ही होती ना."