शिट्टी झाली की पोरं छातीवर

पेणला रामवाडीच्या बाजूला एक छोटं इस्पितळ होतं. नव्वदनंतरची काही वर्षं मी तिथे लहान मुलांच्या वॉर्डात आया होते. फरशी पुसायची, पाणी तापवायचं, दुपटी धुवायची आणि नातेवाइकांना हाकलायचं. शेवटचं काम मला जास्त जमायचं.

त्या सुमारास मुंबईची एक डॉक्टरीण रोह्याला राहायला आली. डॉक्टर झालेलीच होती, पण लहान मुलांची डॉक्टर व्हायला आणखी शिकत होती. या लोकांना मोठ्या परीक्षेआधी एक अभ्यास करून त्याचा प्रबंध लिहून द्यावा लागतो. तो वेळेत दिला नाही तर परीक्षेला बसू देत नाहीत. हे तिनेच मला सांगितलं. मी चौथी शिकले, मला वाटायचं डॉक्टर झालं की परीक्षा संपतात.

तिचा अभ्यास समजायला सोपा होता. दिवस भरायच्या आधी झालेली, कमी वजनाची पोरं गार पडतात आणि त्यात जातात. ऊब द्यायची पेटी आमच्याकडे एकच, तीही बहुतेक बंद. तिचं म्हणणं, पोराला उघडं करून आईच्या उघड्या छातीवर उभं धरावं, वरून पदर लपेटून बांधावा आणि दिवसभर तसंच ठेवावं. आईच्या अंगाची ऊब पुरते. आमच्याकडच्या बायकांना हे जमतं का आणि पोरं गरम राहतात का, एवढं तिला बघायचं होतं. मंगळवारी आणि शुक्रवारी ती रोह्याच्या गाडीने यायची, पोरांच्या काखेत थर्मामीटर लावायची आणि आकडे लिहून न्यायची.

बायका शेतावरच्या आणि मिठागरातल्या. डॉक्टरला तोंडावर कोणी नाही म्हणत नाही. सगळ्या म्हणाल्या, "व्हय बाई."

आमच्याकडे असलं पोर कापसात गुंडाळायचं आणि त्याला शेक द्यायचा, अशी पद्धत. घरी शेगडी असते. इस्पितळात ती आणू देत नसत. म्हणून सलाईनच्या रिकाम्या काचेच्या बाटल्यांत कढत पाणी भरून, फडक्यात गुंडाळून पोराच्या दोन्ही अंगांना ठेवत. पाणी मीच तापवून द्यायची. त्यातून दिवसभर सासरे, दीर, गाववाले भेटायला यायचे आणि मी हाकलले तरी परत येऊन खाटेवरच बसायचे. त्यांच्यासमोर छाती उघडी टाकून कोण बसणार?

पण रोह्याची गाडी पेणला येताना शिट्टी मारायची आणि ती वॉर्डात ऐकू यायची. शिट्टी झाली की कोणीतरी म्हणायची, "आली गो बाई, घ्या पोरं." बाटल्या खाटेखाली, पुरुष बाहेर, पोरं छातीवर. डॉक्टरीण स्टेशनवरून रिक्षाने येऊन, आमच्या मोठ्या डॉक्टरांशी बोलून वॉर्डात शिरेपर्यंत सगळ्या देवळातल्या मूर्तीसारख्या बसलेल्या. पोरं गरम. आकडे उत्तम.

"मावशी, तुमच्या बायका मुंबईच्या बायकांपेक्षा शहाण्या आहेत," ती मला म्हणायची.

मी म्हणायची, "असतील."

जिते गावाकडच्या मिठागरातली एक म्हातारी सुनेजवळ राहिली होती. सुनेला झालेलं पोर वॉर्डात सगळ्यात लहान. तिला मी विचारलं, कशाला हे सोंग? ती म्हणाली, "परक्याची पोर, उन्हातान्हाची येते. खूश करून धाडावी." घरी आलेल्या पाहुणीला आवडेल ते वाढायचं, त्यातलाच हा प्रकार. यात कोणाला खोटेपणा वाटत नव्हता. मला तर कोणी विचारलंच नव्हतं.

एका शुक्रवारी नागोठण्याकडे रुळांवर काहीतरी झालं आणि गाड्या बंद पडल्या. ती आज येत नाही असं सगळ्यांनी ठरवलं. ती आली. रोह्याच्या एका कंपनीची शिफ्टची बस पनवेलकडे चालली होती, तिच्यात बसून रामवाडीला उतरली आणि चालत आत शिरली.

पोरं कापसात, बाटल्या दोन्ही बाजूंना. एकीचा दीर खाटेवर बसून मोसंबी सोलत होता. जित्याकडची सून आंघोळीला गेली होती आणि म्हातारी पोराजवळ बसल्या बसल्या झोपली होती. डॉक्टरिणीने बाटलीला हात लावला. बाटली गार. मग पोराच्या पावलांना लावला. काखेत थर्मामीटर धरला, तर पारा तळाशी होता तिथेच राहिला.

ती ओरडली नाही. दिराला मोसंब्यासकट बाहेर काढलं, दार लावलं आणि म्हातारीला उठवून म्हणाली, "आजी, चोळी सोडा."

"मी? माझ्याकडं दूध हाय का आता?"

"दूध नको. अंग गरम आहे ना तुमचं?"

"म्हातारीच्या छातीवर कोण पोर ठेवतं गो?"

"मी ठेवते," ती म्हणाली, आणि ठेवलं. पावलं गरम होईपर्यंत शेजारी स्टूल घेऊन बसली. पोर वाचलं.

मग तिने मला विचारलं, "मावशी, मी नसते तेव्हा रोज असंच असतं?"

"व्हय."

"आणि मी असते तेव्हा?"

"तेव्हा तुम्ही असता."

ती बायकांकडे वळली. "मला सांगितलं का नाही कोणी?"

म्हातारी पोर सांभाळत म्हणाली, "तुला वाईट वाटलं असतं."

"आता माझं सगळं लिहिलेलं फुकट गेलं, आजी."

"फुकट कसं? आकडे चांगले होते म्हणालीस ना?"

पुढच्या आठवड्यात ती मुंबईला जाऊन आली. तिच्या सरांनी सांगितलं होतं, असं थोडंफार सगळीकडेच होतं, दे तो प्रबंध, तारीख जवळ आली आहे. हे सांगताना ती माझ्या डब्यातली भाकरी खात होती. खाऊन झाल्यावर तिने पहिल्यापासूनच्या सगळ्या पानांवर काट मारली. तारीख गेली. तिच्या बरोबरीचे परीक्षेला बसले, ती रोह्यालाच राहिली.

मग तिने बायकांना विचारलं, काय केलं तर जमेल. हे आधी विचारता आलं असतं, पण शिकलेल्यांचं तसंच असतं. बायकांनी सांगितलं तसं झालं. खाटांमध्ये जुन्या चादरींचे पडदे लागले. पुरुषांना फक्त संध्याकाळी आत सोडायचं ठरलं. आई दमली तर आजी, मावशी, आत्या कोणीही पोर घ्यायचं. बाटल्या बंद. मी पाणी तापवून द्यायची थांबले, त्यावरून महिनाभर शिव्या खाल्ल्या. ती मात्र आता कधीही, कशानेही यायची. कधी सकाळच्या एसटीने, कधी टेम्पोत पुढे बसून.

या वेळचे आकडे पहिल्यापेक्षा वाईट आले. काही बायका पोर धरून बसत, काही कंटाळून खाली ठेवत. पण गार पडणारी पोरं कमी झाली, ते मला आकड्यांशिवाय दिसत होतं. दुपटी मीच बदलायची, पावलं हाताला लागायची.

शेवटी शेवटी आमच्या पेणजवळच्या वाशीची एक आजी नातवाला छातीवर घेऊन बसली होती. डॉक्टरिणीने थर्मामीटर उजेडात धरला. आजी वाकून बघत म्हणाली, "कमी आला काय? वाढवून लिव ना थोडा. तुझी परीक्षा अडकलीय म्हणतात."

"अडकू दे."

"पोर म्हातारं थोडंच होणार हाय एका आकड्यानं? तू मात्र परीक्षेची वाट बघून होशील."

"होऊ दे," ती म्हणाली. होता तो आकडा लिहिला, आजीच्या छातीवरून घसरलेलं पोर वर सरकवलं आणि पदराची गाठ पुन्हा घट्ट बांधली.