बुरशी येणारा कोट

वरंधच्या एसटीच्या कंडक्टरने निरोप आणला तेव्हा मी महाडच्या कॉलेजात प्रॅक्टिकलला उभी होते. शिपाई दारातूनच म्हणाला, "आपले विलास सर गेले." परीक्षानळी हातात तशीच राहिली... कावीळ होऊन तो दवाखान्यात होता खरा, पण तो जाईल असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

विलासदादा माझा चुलतभाऊ, आमच्या वाडीतला पहिला पीएच.डी. भातशेतीत राबणाऱ्या माणसांना येणाऱ्या तापाच्या जंतूंवर त्याने मुंबईत काम केलं आणि मग आमच्याच कॉलेजात तात्पुरता शिकवायला लागला. पुढच्या संशोधनासाठी त्याला परदेशातल्या एखाद्या प्रयोगशाळेत दोन-तीन वर्षांची जागा हवी होती. काकीला ते पटायचं नाही. "डॉक्टर झालास ना? मंग परत शिकायचं काय ऱ्हायलंय?"

"आये, आतापर्यंत सरांनी दिलेला प्रश्न सोडवला. आता माझा सोडवायचाय."

"मंग हितं बसून सोडव की."

तो नुसता हसायचा. इथे धड सूक्ष्मदर्शकही नव्हता, हे तिला कसं सांगणार...

जागा मिळवायची कशी, हे सांगणारंही जवळ कुणी नव्हतं. मुंबईच्या ग्रंथालयातून तो परदेशी नियतकालिकांतल्या जाहिराती उतरवून आणायचा. अर्ज केला की उत्तर यायचं, जागा भरली. फार उशिरा त्याच्या ध्यानात आलं की ती नियतकालिकं बोटीने येतात. जाहिरात इथे पोचेपर्यंत तिकडे कुणीतरी कामालाही लागलेलं असतं. मग त्याने जाहिराती सोडल्या आणि ज्यांचे शोधनिबंध आवडले त्यांनाच थेट लिहू लागला. दुपारी टायपिंग क्लास रिकामा असे, तेव्हा मी मजकूर वाचायचे, तो टाइप करायचा. मी एकदा भीतभीत विचारलं, "आधी आपली गरज नको का सांगायला?"

"गरज सगळ्यांनाच असते गो. तुमच्या कामातलं एवढं मला कळलं नाही, ते तुमच्याकडे येऊन बघू का, असं विचारायचं."

अजून त्या क्लासवरून जाताना यंत्रांची टकटक ऐकली की माझे पाय थांबतात.

गोदीत काम करणाऱ्या मामाने तिकडच्या थंडीसाठी जुन्या बाजारातून एक लोकरी कोट आणला होता. आमच्या पावसात त्याला बुरशी यायची, म्हणून पाऊस सरला की काकी तो अंगणातल्या काठीवर उन्हात टाकायची. शेजारचा बाळू म्हणायचा, "थंडी तिकडं नि कोट हितं वाळतोय."

"तुझ्या डोळ्यांत सलतोय काय रे?" काकी सुनवायची. दादा मात्र बुरशी निरखत म्हणायचा, "हिच्यावरच एक निबंध होईल."

यंदा पावसाच्या तोंडावर एका प्रयोगशाळेचं जरा लांब उत्तर आलं. तुमचा प्रश्न आम्हालाही पडला आहे. यंदा पैसे नाहीत, पुढल्या वर्षी पुन्हा लिहा. जागा मिळाली नव्हती, तरी दादाने वाडीत पेढे वाटले. "प्रश्न बरोबर होता गो," एवढंच मला म्हणाला. पुन्हा लिहायची वेळ काही आली नाही.

परवा वाडीत गेले. भात कापणीला आलंय. काठीवर कोट होता आणि काकी ब्रशाने त्याची बुरशी झाडत होती.

"घालून बघ गो," ती म्हणाली.

मी घातला. आतून उन्हाचा आणि डांबराच्या गोळ्यांचा वास आला. हात बाह्यांत पार बुडाले.

"मोठा होतोय, काकी."

"होऊंदे," असं म्हणून तिने माझा हात जवळ ओढला आणि बाही दुमडायला लागली.